बेंडर उभा राहतो तो कशाच्या जोरावर?

घरी लोखंडकाम करणाऱ्याला कधी ना कधी बेंडर, म्हणजे पट्टी-सळई वाकवायचं यंत्र, हवासा वाटतोच. कुंड्यांचे स्टँड, शेल्फचे कंस, कठड्याची नक्षी, गेटाच्या कड्या. दर वेळी व्हाइसमध्ये पट्टी धरून हातोड्याने ठोकत बसलं, की कोपरे वेडेवाकडे येतात आणि दोन नग काही एकसारखे निघत नाहीत. बेंडर बाजारात मिळतो. दुकानदार डाय (पट्टी ज्याभोवती वाकते तो साचा) दाखवतो, किती जाडीची पट्टी वाकेल तेही सांगतो. तो बसवायचा कशावर, या प्रश्नाला मात्र बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "काहीतरी जड बघा आणि ठोका त्याच्यावर." हे उत्तर अर्धवट आहे. त्याच्या भरवशावर बसवलेला बेंडर डुगडुगतो, टेबल घेऊन सरकतो, आणि शेवटी यंत्रालाच नावं ठेवली जातात.

हा लेख हाताने चालवायच्या, आडव्या दांड्याच्या बेंडरबद्दल आहे. मधे उभी पिन, पिनेभोवती डाय, आणि लांब दांडा धरून आपण अर्धवर्तुळात चालायचं, असा तो प्रकार. हायड्रॉलिक पाइप बेंडरचं गणित वेगळं असतं. तिथे जॅक एकीकडून रेटतो आणि त्याच फ्रेमचे दोन रोलर दुसरीकडून अडवतात, म्हणजे सगळा जोर फ्रेमच्या आतच मिटतो. तो जमिनीवर नुसता ठेवला तरी काम करतो. आपल्या हातबेंडरचं तसं नाही. त्यात जोर तुमच्या हातातून दांड्यात, दांड्यातून पट्टीत, पट्टीतून डायच्या पिनेत, तिथून खांबात आणि खांबातून जमिनीत उतरतो. जमीन तोच जोर तुमच्या पायांना परत देते, तेव्हा कुठे ही साखळी पुरी होते. माउंट, म्हणजे बेंडर ज्यावर बसतो तो आधार, निवडायचं म्हणजे या साखळीतली एकही कडी ढिली राहू द्यायची नाही. वजनाचा विचार त्यानंतर.

जोराचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. जुना बैलघाणा आठवा. आडवं लाकूड बैल गोल ओढतो आणि मधली उखळ जागची हलत नाही. त्या उखळीवर दोन गोष्टी चालू असतात: बैलाच्या फेऱ्याबरोबर तिला पीळ बसतो, आणि बैल ज्या अंगाला असेल त्या अंगाला ती कलंडू बघते. म्हणून उखळ जमिनीत खोल पुरलेली असायची. बेंडरच्या खांबावर नेमक्या याच दोन गोष्टी येतात, पीळ आणि कलंडणं.

पीळ किती, हे पट्टी ठरवते. साध्या माइल्ड स्टीलची किमान यील्ड ताकद (ज्या ताणाला ते कायमचं वाकू लागतं तो आकडा) २५० मेगापास्कल धरली, तर ५० × ६ मिमीची पट्टी आडवी वाकवायला साधारण ११० न्यूटन-मीटर पीळ लागतो. प्रत्यक्षात स्टील त्या किमान आकड्यापेक्षा थोडं चिवट असतं, वाकताना आणखी कडक होत जातं, रोलरचं घर्षण वेगळंच. सगळं मिळून १५० धरा. म्हणजे १ मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण १५ किलोचा जोर. एवढा जोर कोणीही लावेल. आता तीच पट्टी ५० × १० मिमीची घ्या. रुंदी तीच, जाडी दुपटीहून कमीच वाढली. पण जोर जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्याच दांड्यावर आता ४० किलोच्या आसपास ओढावं लागेल. रुंदी दुप्पट केली तर जोर दुप्पट, जाडी दुप्पट केली तर चौपट. तेव्हा पट्टीची यादी करताना जाडीवर बोट ठेवा, कारण माउंट त्या आकड्यावर ठरतं.

गंमत अशी, की दांडा लांब केल्याने हा पीळ कमी होत नाही. पट्टी तीच असेल तर खांबाला तेवढाच पीळ बसणार. कमी होतो तो तुमच्या हातांचा जोर, आणि त्याबरोबर खांबाचं कलंडणं. आखूड दांड्यावर दोघांनी लोंबकळून काम करण्यापेक्षा लांब दांड्यावर एकट्याने शांतपणे ओढलेलं माउंटला मानवतं. धोका एवढाच, की दांड्यावर पाइप चढवला की माणसाला मोह होतो आणि तो यंत्राच्या कुवतीपलीकडची पट्टी घालून बघतो. तिथे मग खांब टिकतो आणि पिन कापली जाते.

आता वजनाकडे येऊ, कारण सगळ्यांचा भर त्याच्यावरच असतो. समजा तुमचा स्टँड ६० किलोचा आहे, पाय मध्यापासून ३० सेंमी अंतरावर आहेत आणि खाली गुळगुळीत फरशी आहे. घर्षण वजनाच्या साधारण तीस टक्के धरलं, तर १ मीटर दांड्यावर पाच-सहा किलोचा जोर लावला की हा स्टँड जागच्या जागी गिरकी घ्यायला लागेल. ५० × ६ ची पट्टी त्याच्या पंधरा किलोपर्यंत पोचायच्या आतच फरशीवर ओरखडे उमटतील. नुसत्या वजनावर ४० किलोची ओढ अडवायची म्हटली तर साडेचारशे किलोच्या आसपास स्टँड लागेल. पाय मध्यापासून ६० सेंमी नेले तर वजन निम्म्यावर येतं, तरीही सव्वादोनशे किलो. घरच्या गॅरेजात एवढं वजन उचलणार कोण?

खांबाच्या पाइपात वाळू भरायचा सल्ला याच जातीचा. १०० × १०० मिमीच्या पोकळ खांबात, ८५ सेंमी उंचीपर्यंत वाळू भरली तर जेमतेम बारा-तेरा किलो मावते. खांबाचा घणघणाट कमी होतो, हा फायदा खरा आणि त्यासाठी भरायची तर जरूर भरा. स्टँड त्याने जागेवर राहत नाही.

खांबाचा आकार हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग. भोसरीतल्या भंगारात किंवा नाना पेठ-भवानी पेठेतल्या लोखंडवाल्यांकडे चॅनेलचा (इंग्रजी C च्या आकाराच्या लोखंडाचा) तुकडा सहज हाती लागतो, दिसायला दणकट असतो, आणि "हा काय हलतोय!" असं कोणालाही वाटतं. सरळ वाकण्याला तो खरंच दणकट आहे. पिळाला मात्र उघड्या तोंडाचा कोणताही छेद फार कच्चा असतो, मग तो चॅनेल असो, आय-बीम असो की अँगल. बंद पेटीसारखा छेद, म्हणजे चौकोनी किंवा गोल पाइप, पिळाला जबरदस्त असतो. फरक थोडाथोडका नाही. १०० मिमीचा नेहमीचा चॅनेल आणि १०० × १०० × ४ चा चौकोनी पाइप यांची तुलना केली, तर पाइप पिळाला शंभरपटीहून अधिक ताठ भरतो, आणि वजनात मीटरमागे दोन-तीन किलोचाच फरक. ५० × १० च्या पट्टीचा पीळ ८० सेंमी उंच पाइपाला अंशाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी फिरवतो. चॅनेलला हिशोबाने तो बारा अंशांपर्यंत फिरवेल. दोन्ही टोकांना प्लेट वेल्ड केली असेल तर प्रत्यक्षात त्याहून कमी, तरी डोळ्यांना स्वच्छ दिसेल इतका.

चॅनेल घरात आधीच पडून असेल तर टाकून देऊ नका. सारखे दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून उभ्या शिवणीने वेल्ड करा, म्हणजे त्यांची बंद पेटी होते आणि पाइपाचे सगळे गुण येतात. एका दमात वरपासून खालपर्यंत वेल्ड ओढलं तर खांब केळ्यासारखा वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना आलटून पालटून वीतभर वीतभर घ्या.

खांबाची उंची कमरेपासून कोपराच्या जरा खालपर्यंत ठेवावी. बहुतेकांना ९० ते १०० सेंमी सोयीची पडते. जास्त उंच केला तर कलंडण्याचा जोर वाढतो आणि हातांनाही पुरता जोर लावता येत नाही. वरची प्लेट १२ मिमीची असू द्या. बेंडरचे बोल्ट खांबाच्या पाइपाबाहेर पडत असतील तर प्लेटखाली चारी बाजूंना त्रिकोणी गसेट (आधाराचे तुकडे) हवेत, नाहीतर प्लेट पापडासारखी वर-खाली होते. तळाची बेस प्लेट ४५० × ४५० × १२ मिमीची घेतली तर ती एकटीच १९ किलोची होते. तिथेही चार गसेट. इथे कंजूषपणा करू नये, कारण प्लेट पातळ असली की ती बोल्टच्या डोक्याभोवती लवते, आणि दर ओढीला बोल्ट थोडा थोडा सैल करते.

आता जमीन. पुण्यात "गॅरेजची फरशी" या दोन शब्दांत सात प्रकार मावतात. बंगल्याच्या पार्किंगमध्ये शहाबादी असते, सोसायटीत पेव्हर ब्लॉक, नव्या रो-हाउसमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, धायरी-नऱ्ह्याच्या शेडमध्ये सिमेंटचा कोबा. अँकर बोल्ट, म्हणजे जमिनीत भोक पाडून बसवायचा बोल्ट, टाइलमध्येही धरत नाही आणि तिच्याखालच्या मसाल्याच्या थरातही नाही. तो धरतो काँक्रीटमध्ये. टाइल आणि मसाला मिळून दोन इंच असतील, तर तीन इंची बोल्टला काँक्रीट फक्त एक इंच मिळतं. बोल्ट घ्यायच्या आधी एका जागी छोटं भोक मारून बघा: टाइल आणि मसाला संपून मधेच खडीवर ड्रिल अडल्याचा कडक आवाज आला, म्हणजे काँक्रीट आलं. तिथून पुढची लांबी मोजा. १२ मिमीच्या एक्सपान्शन बोल्टला (आवळला की भोकात फुगून बसणाऱ्या) काँक्रीटमध्ये सात-आठ सेंमी खोली हवी, आणि काँक्रीटच्या कडेपासून निदान दहा-बारा सेंमी आत असावं. तळमजल्याचं पीसीसी (सळयांशिवायचं साधं काँक्रीट) तीन-चार इंचांचंच असेल तर १० मिमीचे बोल्ट किंवा केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवायचे बोल्ट) बरे. पेव्हर ब्लॉकवर काहीच धरणार नाही. ते नुसते वाळूवर मांडलेले असतात.

बोल्टवर प्रत्यक्ष येणारा जोर बघितला तर आश्चर्य वाटेल. ४० किलोची ओढ, ९० सेंमी उंची, बोल्ट एकमेकांपासून ३५ सेंमी. कलंडण्यामुळे वर ओढल्या जाणाऱ्या दोन बोल्टांच्या वाट्याला प्रत्येकी पन्नासेक किलो येतात, आणि पिळामुळे आडवे चाळीसेक. नीट बसवलेला १२ मिमीचा बोल्ट याच्या कितीतरी पट सहन करतो. तरीही घरगुती माउंट उखडतात, कारण प्लेट आणि फरशी यांच्यात कुठेतरी फट असते. फट असली की प्लेट डुलते, डुलली की बोल्टचा ताण कमी-जास्त होतो, भोक रुंदावतं, आणि एक दिवस बोल्ट हाताने उपसून निघतो. म्हणून प्लेटखाली पत्र्याच्या चकत्या घालून ती लेव्हलला आणायची, उरलेली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंटी मसाल्याने) भरायची, आणि ग्राउट पुरतं कडक झाल्यावरच बोल्ट शेवटचे आवळायचे. भोकातली भुकटी फुंकून काढणं ही क्षुल्लक बाब वाटते. केमिकल अँकरमध्ये निम्मं यश त्या फुंकण्यात आहे, कारण धुळीवर बसलेलं केमिकल धुळीलाच चिकटतं. ब्रश, फुंकर, परत ब्रश, परत फुंकर. डोळ्यांना गॉगल लावून.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी स्लॅबला भोक मारायचा विचार सोडावा. स्लॅब बहुतेक पाच-सहा इंचांचाच असतो, त्यात सळया असतात, विजेचे पाइप असतात, आणि खालच्या घरात दर ओढीचा आवाज घुमतो. गच्चीवर तर अजिबातच नाही. तिथल्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याला एक भोक पडलं की जूनमध्ये खालच्या छताला ओल येते, आणि ते पाणी कुठून शिरतंय हे शोधता शोधता पुढचा पावसाळा उजाडतो. पेठांमधल्या जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी तुळया आणि मातीच्या जमिनीवर, हे काम करूच नये.

मग भाड्याच्या घरात राहणाऱ्याने काय करायचं? त्याच्यासाठी एक फार चांगला मार्ग आहे: स्वतः माउंटवरच उभं राहायचं. खांब एका मोठ्या चेकर्ड (उंचवट्यांच्या नक्षीच्या) प्लेटवर वेल्ड करा, प्लेटखाली अँगलची चौकट द्या, आणि दांडा ओढताना तुमचे पाय त्याच प्लेटवर असू द्या. तुम्ही हातांनी दांडा जितका एका बाजूला ओढता, तितकंच तुमचे पाय प्लेटला उलट बाजूला रेटतात. जोराची साखळी प्लेटमध्येच पुरी होते आणि फरशीकडे न पीळ जातो, न ढकल. मगाशी ज्या कामाला साडेचारशे किलो लागत होते ते इथे शंभराच्या आत होतं. अट एकच, सगळी ओढ संपेपर्यंत पाय प्लेटवर राहिले पाहिजेत. ९० × १२० सेंमीची ६ मिमी जाड प्लेट साधारण पन्नास किलोची होते आणि दोघांना उचलता येते. तिच्यावरून अर्धवर्तुळभर चालता येणार नाही, तेव्हा दांडा मागे घेऊन पुन्हा बसवता येईल असा बेंडर घ्यायचा आणि एकाच जागी उभं राहून टप्प्याटप्प्याने वाकवायचं. खाली जुन्या ट्यूबचे किंवा रबर मॅटचे तुकडे घातले तर फरशीही वाचते.

तीन पाय की चार, हा प्रश्नही बरेच जण विचारतात. उंचसखल शहाबादीवर तीन पायांचा स्टँड कधीच डुगडुगत नाही, चार पायांचा हमखास डुगडुगतो. पण तीन पायांचा स्टँड दोन पायांच्या मधल्या दिशेने लवकर कलंडतो: पाय मध्यापासून ६० सेंमी असतील तर तिथे आधार ३० सेंमीवरच संपतो, चार पायांत तो ४२ सेंमीपर्यंत मिळतो. बोल्टने बसवणार असाल तर चार. मोकळा ठेवणार असाल तर तीन, आणि त्यातला एक पाय ज्या दिशेला जास्त ओढता त्या दिशेला.

अंगण असेल तर खांब जमिनीत गाडणं सर्वात उत्तम. ६० सेंमी लांब-रुंद-खोल खड्ड्यात काँक्रीट भरलं तर तो ठोकळा पाचशे किलोच्या वर भरतो. खड्डा चौकोनी घ्या, गोल नको, कारण गोल ठोकळा पिळाबरोबर मातीत फिरू शकतो आणि चौकोनाचे कोपरे अडतात. खांबाच्या पुरलेल्या भागाला आडव्या सळया वेल्ड करा, म्हणजे तो काँक्रीटच्या आत फिरणार नाही. टेकड्यांच्या बाजूला मुरूम लवकर लागतो, तिथे काम सोपं. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ठोकळ्याची बाजू सोडते. तिथे खड्डा मोठा घेऊन बाजूने मुरूम कुटून भरावा.

जागा इतर कामांनाही हवी असेल तर बेंडर काढता-घालता यावा असं वाटतं. ६० × ६० × ४ च्या पाइपात ५० × ५० चा पाइप बसतो, हे खरं. आतलं माप ५२ येतं, आणि आत वेल्डच्या शिवणीचा उंचवटा असतो तो कानशीने घासून काढावा लागतो. पण राहिलेल्या त्या दोन मिमीची किंमत बघा: आतला पाइप दोन्हीकडे सव्वादोन अंश फिरतो, आणि १ मीटर दांड्याच्या टोकाला हाच ढिलेपणा चार-चार सेंटीमीटरचा होतो. उपाय असा, की बाहेरच्या पाइपाच्या लगतच्या दोन बाजूंना नट वेल्ड करून त्यात बोल्ट घालायचे. दोन्ही बोल्ट आवळले की आतला पाइप समोरच्या कोपऱ्यात दाबून बसतो. समोरासमोरच्या बाजूंना बोल्ट लावले तर तो मधे तरंगत राहतो. वर एक जोडी आणि खाली एक जोडी, असे चार बोल्ट हवेत.

जागा निवडताना दांड्याचा घेर मोजाच, पण पट्टीही मोजा. पट्टी दुकानातून साधारण ६ मीटरची येते. ती कापूनच वाकवणार असलात तरी दीड-दोन मीटरचं शेपूट राहतं, आणि वाकणारं टोक फिरताना कुठल्या कपाटावर जाईल ते आधी हाताने फिरवून बघावं. दाराच्या सरळ रेषेत माउंट बसवलं तर लांब माल बाहेर निघू शकतो. तुमच्या पाठीमागे दोन पावलं मोकळी ठेवा. ओढताना पट्टी सटकली किंवा तुटली तर माणूस मागेच पडतो. भंगारातल्या गाडीच्या पाट्याचा तुकडा थंड असताना वाकवू नका. ते स्प्रिंगचं पोलाद आहे, वाकण्याऐवजी काचेसारखं तडकू शकतं.

सगळं बसवून झाल्यावर तपासणी डोळ्यांनी न करता बोटाने करा. एकाने डायमध्ये जाड पट्टी अडकवून दांडा हळू ओढायचा आणि सोडायचा. दुसऱ्याने बोटाचं टोक एकेका सांध्यावर ठेवायचं, अर्धं या भागावर, अर्धं त्या भागावर: बेंडर आणि वरची प्लेट, वरची प्लेट आणि खांब, खांब आणि बेस प्लेट, बेस प्लेट आणि फरशी. डोळ्यांना न दिसणारी केसभर हालचालही बोटाला कळते, आणि साखळीतली ढिली कडी नेमकी कुठली ते त्याच क्षणी सापडतं. मग प्रत्येक नटावरून प्लेटवर जाणारी ऑइल पेंटची एक रेघ ओढून ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज, नंतर महिन्यातून एकदा बघायचं. रेघ जिथे तुटलेली दिसेल तो नट फिरलाय, तो आवळायचा आणि त्याच्या खालच्या वॉशरखाली फट पडलीय का ते बघायचं.